आईबाबांच्या नावाने येणारं फालतू टपाल, बक्षिसांची पाकिटं आणि पार्सलचे गंडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांना टपालातून गंडा बसला ती गोष्ट मी लपवली नाही, जो भेटेल त्याला सांगितली. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, ऑफिसातले लोक आपापल्या आईवडिलांच्या घरच्या पाकिटांचे फोटो मला पाठवायला लागलेत आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतेय. मी वकील नाही की पोलीस नाही. नोकरीला ठाण्यात, आईबाबा साताऱ्याकडे, बस्स.

१. आईबाबांनी कुठेच नाव-पत्ता दिलेला नाही, मग एवढं टपाल येतं कुठून?

दिलेला असतो, त्यांना आठवत नसतं. मॉलच्या दारात लकी ड्रॉची चिठ्ठी भरलेली असते, टीव्हीवर बघून गुडघ्याचं तेल मागवलेलं असतं, मोफत शुगर तपासणीच्या शिबिरात नाव, वय, पत्ता, फोन सगळं वहीत लिहून दिलेलं असतं. मतदार यादीत नाव आणि वय असतंच. एकदा टीव्हीवरून काही मागवलं की तो पत्ता 'हे लोक मागवतात' अशा यादीत जातो आणि या याद्या हातोहात विकल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या पाकिटाला उत्तर दिलं, नुसता फोन करून 'मला नको' म्हटलं, तरी इथे माणूस आहे, फोन उचलतो, बोलतो, एवढं समोरच्याला कळतं आणि पाकिटं वाढतात.

२. यातला नुसता कचरा कुठला आणि फसवणूक कुठली, हे कसं ओळखायचं?

माझी एक साधी फूटपट्टी आहे. कचरा म्हणतो 'आमच्याकडून काहीतरी घ्या', गंडा म्हणतो 'तुमचंच काहीतरी आमच्याकडे अडकलंय'. तुमचं बक्षीस, तुमचा बोनस, तुमचं पार्सल, तुमची ठेव, आणि ते सोडवायला आधी थोडे पैसे भरा. सोफा क्लीनिंगचं किंवा श्रवणयंत्राच्या सेलचं पत्रक आलं तर रद्दीत टाका, विषय संपला. पण अडकलेलं काहीतरी सोडवायचं असेल, मुदत दोन-चार दिवसांचीच असेल, 'कोणाला सांगू नका' असं लिहिलं असेल आणि पैसे कुणा माणसाच्या नावावरच्या खात्यात टाकायचे असतील तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही.

आणि एक गोष्ट आईबाबांना दहा वेळा सांगावी लागते. पाकिटावरचा शिक्का पोस्टाचा असतो, आतल्या मजकुरावर नसतो. आपल्या आधीच्या पिढीच्या डोक्यात 'रजिस्टर पत्र आलं, सही करून घेतलं' म्हणजे ते सरकारी, म्हणजे ते खरं. पोस्टाने फक्त पोचवलेलं असतं, पैसे भरले की कोणीही काहीही स्पीड पोस्टाने पाठवू शकतो. (२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पण आमच्याकडे अजून सगळे 'रजिस्टर' असंच म्हणतात.)

३. स्क्रॅच कार्ड आलंय, गाडी लागलीये म्हणतात. हे नक्की चालतं कसं?

हे मी घरात बघितलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाकीट चांगल्या जाड कागदाचं होतं, वर एका नावाजलेल्या खरेदीच्या कंपनीचं नाव. त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नसतो, नाव ढापलेलं असतं. आत एक चकचकीत माहितीपत्रक, गोल शिक्का आणि सही असलेलं पत्र आणि एक कूपन. बाबांनी डायनिंग टेबलवर बसून एक रुपयाच्या नाण्याने ते घासलं, ती चंदेरी भुकटी टेबलाच्या प्लास्टिकवर पडली होती ती आईने नंतर ओल्या फडक्याने पुसली, आणि खाली निघालं 'दुसरे बक्षीस: कार'. पत्रात लिहिलेलं की गाडी नको असेल तर आठ लाख रोख मिळतील. खाली हेल्पलाइनचा मोबाइल नंबर.

बाबांनी फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत पण अत्यंत अदबीने, 'सर सर' करत बोलायचा, आणि रिटायर झाल्यापासून बाबांना कोणी सर म्हटलं नव्हतं. आधी साडेसहा हजार 'फाइल चार्ज'. चार दिवसांनी चौदा हजार आठशे आरटीओचे. मग जीएसटीचे बत्तीस हजार मागितले तेव्हा बाबा एफडी मोडायला गेले आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, कशासाठी हवेत?" तिच्यामुळे तिथेच थांबलं, नाहीतर कुठवर गेलं असतं देव जाणे. एकूण गेले एकवीस हजार तीनशे.

बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, अडाणी नव्हेत. उलट कागद बघून विश्वास ठेवायची सवय नोकरीनेच लावलेली. मला कपाटात ती फाइल सापडली तेव्हा पत्राची झेरॉक्स, दोन्ही पैसे भरल्याच्या स्लिपा, फोनच्या तारखा, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेलं होतं आणि वर त्यांच्या त्या वळणदार अक्षरात 'महत्त्वाचे'. नंतर तक्रार करताना तीच फाइल कामाला आली (प्रश्न १७).

एक लक्षात घ्या, कूपनमध्ये नशीब नसतंच. सगळ्यांनाच काहीतरी लागतं, न लागलेलं कूपन ते छापतील कशाला.

४. पण बक्षिसावर टॅक्स असतोच ना? मग आधी भरा म्हटलं तर त्यात चूक काय?

हा प्रश्न खरंच चांगला आहे आणि ठग नेमका याच अर्धवट माहितीवर जगतो. लॉटरी, बक्षिसावर टॅक्स असतो, ३० टक्के, वर सेस. पण दहा हजारांच्या वरचं रोख बक्षीस असेल तर देणारा तो टॅक्स कापून उरलेले पैसे देतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. गाडीसारखी वस्तू असेल तर टॅक्स भरल्याशिवाय वस्तू ताब्यात द्यायची नाही असा नियम खरोखरच आहे, पण तो टॅक्स सरकारजमा होतो, पॅन नंबरवर, चलनाने, कुठल्यातरी रमेश-सुरेशच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर नाही.

परदेशी लॉटरीचं पत्र असेल तर तेवढाही विचार नको, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार त्यासाठी इथून पैसे पाठवायलाच बंदी आहे.

५. आईने काही मागवलेलं नाही तरी दारात पार्सल आलंय, सहाशे रुपये द्या म्हणतोय. घ्यायचं का?

नाही. जुन्या लोकांना व्हीपी माहीत असते, पुस्तकं-बियाणं व्हीपीने यायची, पैसे दिले की पोस्टमन पाकीट हातात द्यायचा. आताची कॅश ऑन डिलिव्हरी तीच. दोन्हीकडे गोम एकच, पैसे दिल्याशिवाय फोडून बघता येत नाही. ठग रक्कम मुद्दाम चारशे-आठशेच्या आसपास ठेवतात, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं की सुनेने किंवा नातवाने मागवलं असेल, उगाच परत कशाला पाठवा.

आमच्या घरी आता नियम आहे: ज्याने मागवलं त्याने आधी फोन करून सांगायचं आणि होता होईतो पैसे आधीच भरून टाकायचे. फोन आला नाही तर दारात पैसे द्यायचे नाहीत, मग पार्सलवर कोणाचंही नाव असो. आईला एकच वाक्य शिकवलंय, "आमचं नाही, परत न्या." पोस्टाचं असेल तर पोस्टमन त्यावर 'नाकारले' असा शेरा मारून परत पाठवतो, दंड-बिंड काही होत नाही. डिलिव्हरीचा मुलगा वैतागला तर वैतागू दे, पण त्याच्यावर ओरडू नका, त्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

हाच डाव फोनवर असा येतो: "मॅडम, ऑर्डर कॅन्सल करायची असेल तर ओटीपी सांगा." नको असलेलं पार्सल कॅन्सल करायला ओटीपी लागत नाही. घेऊ नका, झालं कॅन्सल.

६. घेतलं, पैसे दिले, आत दगडासारखा साबण निघाला. आता?

खोका फेकू नका. वरच्या लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव आणि ट्रॅकिंग नंबर असतो, त्याचा फोटो काढा. पोस्टातून आलं असेल तर त्याच दिवशी पोस्टमास्तरला लेखी अर्ज द्या, कारण व्हीपीचे पैसे तिथूनच पुढे पाठवणाऱ्याला जातात आणि दिवस गेले की हातात काही राहत नाही. पोस्टाची हेल्पलाइन १८०० २६६ ६८६८. कुरिअरने आलं असेल तर कुरिअर कंपनीकडे तक्रार आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. लेबलवरच्या 'कस्टमर केअर'ला फोन करू नका, आणि नेटवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर तर अजिबातच नको, रिफंडच्या नावाखाली दुसऱ्यांदा टोपी घालतात.

७. पोस्टाच्या नावाने मेसेज आलाय, 'पत्ता अपूर्ण, ४८ तासांत अपडेट करा', खाली लिंक. खरं असतं का हे?

खोटं. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने हे मेसेज खोटे असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलंय. लिंक उघडली की पोस्टासारखंच दिसणारं पान येतं, पत्ता भरा, मग पुन्हा पोचवायचे म्हणून पंचवीस-तीस रुपये कार्डाने भरा. त्या पंचवीस रुपयांशी त्यांना काही देणंघेणं नसतं, कार्डाचा नंबर हवा असतो.

पण अपवाद आहे. पोस्ट खरे मेसेजही पाठवतं, पार्सल निघालं, पोचलं वगैरे, आणि आता स्पीड पोस्टात ओटीपी सांगूनच डिलिव्हरी घ्यायची सोयही आहे. म्हणजे आईला 'ओटीपी कोणालाही सांगायचा नाही' एवढंच शिकवलं असेल तर ती खऱ्या पोस्टमनलाही परत पाठवेल. म्हणून असं सांगा: पोस्टमन दारात उभा आहे, हातात पार्सल आहे, मेसेजमध्ये डिलिव्हरीचा ओटीपी असं लिहिलंय, तरच. फोनवर कोणालाही नाही. शंका आली तर लिंकवर न जाता पोस्टाच्या वेबसाइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून बघा, नंबरच नसेल तर पार्सलही नाही.

कुरिअरवाला म्हणून कोणी फोनवर स्टार २१ किंवा स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर दाबायला सांगितला तर तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड असतो, तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. दाबला गेलाच तर हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की फॉरवर्डिंग रद्द होतं.

८. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत', असा फोन आईला आला, ती थरथर कापतेय.

आधी फोन ठेवायला लावा आणि पाणी द्या. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, आणि कायद्यात असलं काही नाहीच. कुरिअर कंपनीचा माणूस आधी बोलतो, मग कॉल 'पोलिसांना' जोडतो, मग व्हिडिओवर खाकी कपडे, मागे अशोकस्तंभ, आणि चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान स्वतः यावर बोलले होते, आणि आमच्या आईला माझ्या बोलण्यापेक्षा तेच जास्त पटलं, असो. कोणताही पोलीस, सीबीआय, कस्टम्सवाला व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे खात्यात टाकायला सांगत नाही.

याचाच भाऊ म्हणजे परदेशातल्या मित्राने पाठवलेलं गिफ्ट दिल्ली कस्टम्समध्ये अडकलंय. पोस्टाने येणाऱ्या परदेशी पार्सलवर ड्युटी लागली तर ती पार्सल देताना पावतीसकट घेतात, आधी कोणाच्या खात्यात मागत नाहीत.

९. पत्रावर राजमुद्रा आहे, खाली ट्राय (टेलिकॉमची नियामक संस्था), रिझर्व्ह बँक, विमा प्राधिकरण असं लिहिलंय. हेही खोटं असू शकतं?

असू शकतं काय, बहुतेक असतंच. राजमुद्रेचा गैरवापर रोखायला २००५ चा वेगळा कायदा आहे, पण ठगाला कायद्याची भीती असती तर काय हवं होतं.

'तुमच्या गच्चीवर किंवा शेतात मोबाइल टॉवर, महिना तीस हजार भाडं, आधी एनओसीची फी': ट्राय टॉवरसाठी असली एनओसी देत नाही. गावाकडे पडीक जमीन असलेल्या लोकांना हे पत्र हमखास येतं. 'बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस मंजूर, प्रोसेसिंग फी भरा': आयआरडीएआय, म्हणजे विमा प्राधिकरण, पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, शंका असेल तर १५५२५५ वर विचारा. 'रिझर्व्ह बँकेत तुमच्या नावे रक्कम': सामान्य माणसाचं खातं रिझर्व्ह बँकेत नसतं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यावरून फोन आणि पत्रं सुरू होतात. तो दाखला बँकेत किंवा सरकारच्या जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीवर द्यायचा (केंद्राच्या ऐंशीच्या वरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो), फोनवर 'अपडेट' करायचा नसतो.

१०. बाबांचे जुने शेअर्स सापडलेत, वीस टक्के द्या, मिळवून देतो, असं पत्र आलंय. हा पण गंडाच ना?

थांबा, हे लगेच फाडू नका. ही एक गोष्ट खरी असू शकते. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की तो आणि ते शेअर्ससुद्धा आयईपीएफ या सरकारी निधीत जातात, आणि तिथली यादी बघून एजंट लोक पत्रं टाकतात. म्हणजे शेअर्स खरे, पण एजंटाची गरज असेलच असं नाही. आयईपीएफच्या वेबसाइटवर वडिलांचं नाव स्वतः शोधा, सापडलं तर फॉर्म ५ भरून दावा करता येतो, त्याला सरकार फी घेत नाही. किचकट आहे, कागद जुळवता जुळवता जीव जातो, नावाच्या स्पेलिंगवरून महिनेच्या महिने जातात, तेव्हा ओळखीच्या सीएला पैसे देऊन करून घ्या हवं तर, पण पत्र पाठवणाऱ्या अनोळखी माणसाला सही केलेले कोरे कागद आणि पॅन-आधारच्या झेरॉक्स देऊ नका.

बँकेच्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालं. आमच्या आत्याला तिच्या सासऱ्यांच्या नावचे नऊ हजार त्यात सापडले, त्याचा आनंद तिला नव्वद हजारांचा झाला.

११. मधुमेहाचं चूर्ण, धनलक्ष्मी यंत्र, देवस्थानाचा प्रसाद आणि पावतीपुस्तक. यात श्रद्धेचा भाग आहे, आईला कसं नाही म्हणू?

औषधाचं सोपं आहे. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, लकवा असल्या आजारांवर खात्रीशीर उपाय म्हणून जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ताईत आणि कवचांचे दावेही त्यातच येतात. म्हणजे पत्रकच बेकायदा. त्यापेक्षा मोठी भीती ही की चूर्ण सुरू करून माणूस गुपचूप गोळ्या बंद करतो. आईच्या गोळ्यांची पाकिटं मोजून बघा, मी बघते.

देवाचं अवघड आहे. अंगाऱ्याची पुडी, फोटो, आणि सोबत क्यूआर कोड असलेलं पत्र येतं, आणि एकदा अंगारा घरात आला की दक्षिणा न पाठवणं आईच्या जिवावर येतं. मी वाद घालत नाही. अंगारा देवापुढे ठेवते, क्यूआर फाडते, आणि आईला म्हणते आपण त्याच देवाला स्वतः जाऊ किंवा देवस्थानच्या अधिकृत खात्यात पाठवू, नाहीतर इथल्या मारुतीच्या पेटीत टाकू. आजपर्यंत तिने नाही म्हटलेलं नाही. आणि ती 'अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल' वाली संतोषी मातेची पोस्टकार्डं आठवतात ना, ती आता व्हॉट्सअॅपवर आलीत, त्यांनी निदान पैसे तरी जात नाहीत, सोडून द्या.

१२. मग आईबाबांना सरळ सांगून टाकू का, सहीचं एकही पत्र घेऊ नका?

अजिबात नको, असं करून लोक अडचणीत आलेत. नोटीस बरोबर पत्त्यावर पाठवली आणि तुम्ही घ्यायला नकार दिला, तर कायदा ती तुम्हाला पोचली असंच धरतो. चेक न वटल्याची नोटीस असेल तर पैसे भरायला पंधरा दिवसच मिळतात, आणि भावकीतल्या जमिनीचा दावा असेल तर तारीख निघून जाते. तेव्हा पैसे न मागणारं सहीचं पत्र घ्यायचं, फोडायचं, फोटो काढून मुलांना पाठवायचा, आणि आम्ही बघितल्याशिवाय कशालाही उत्तर द्यायचं नाही. पैसे मागणारं असेल तर प्रश्न ५.

१३. डीएनडीला नोंदवलं तर हा कागद बंद होईल का?

नाही, डीएनडीची ती १९०९ वरची नोंदणी (नको असलेल्या जाहिराती थांबवायची) फोन आणि एसएमएसपुरतीच आहे. तरीही नोंदवा, कारण पाकिटानंतर फोन येतातच. कागद कमी करायला सुटंसुटंच करावं लागतं: बँक, विमा, म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट ईमेलवर वळवा, डिमॅट खात्यात मुलांचा ईमेल घातला की कंपन्यांचे ते जाडजूड अहवाल थांबतात. खरं टपाल कमी झालं की खोटं पटकन उठून दिसतं. आणि आईबाबा कायमचे तुमच्याकडे राहायला आले असतील तर जुन्या पत्त्याच्या पोस्टात पत्र वळवायचा अर्ज द्या, बंद घराच्या दारात पडलेल्या बँकेच्या पाकिटांतून कोणालाही बरंच काही कळतं. रद्दीत देताना पत्ता आणि खाते नंबर असलेला भाग फाडून.

१४. सगळं समजावलं, पण बाबा ऐकतच नाहीत. उलट मलाच म्हणतात, 'तुला काय कळतंय?'

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे. मी पहिल्या दिवशी जी चूक केली ती करू नका. मी बाबांना म्हटलं, "एवढे शिकलेले असून कसे फसलात?" त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी फक्त जेवणाचं बोलले, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांना आणखी दोन पाकिटं आली होती ती त्यांनी मला सांगितली नाहीत. ठगाला नेमकं हेच हवं असतं. बाप पोरांपासून लपवायला लागला की त्याचं काम झालं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. दाराजवळ एक जुना स्टीलचा डबा आहे, त्यावर बाबांनीच 'आवक' अशी चिठ्ठी लावलीय. येणारा प्रत्येक कागद त्यात. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा एकेक काढून वाचून दाखवतात आणि स्वतःच शेरा मारतात, 'रद्दी', 'संशयास्पद', 'कार्यवाही'. हेडक्लार्कच ते. मी त्यांना मदत करतेय असं नाही, मी त्यांच्याकडून पाकिटं गोळा करतेय असं नातं ठेवलंय, "बाबा, या आठवड्यात काही नवीन आलं का, मला लोकांना दाखवायचंय." परवा त्यांनी शेजारच्या काकूंचं विम्याचं पत्र पकडलं तर संध्याकाळपर्यंत तिघांना फोन करून झाला.

पैशांचं मात्र गोड बोलून भागत नाही. एटीएम आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या, मोठी रक्कम ज्या खात्यात आहे त्यावर यूपीआय नकोच, आणि बँकेचे मेसेज ईमेलने तुमच्याकडेही येतील असं बघा. पण त्यांच्या नकळत नाही.

आणि विसरायला होत असेल, तेच पाकीट चार वेळा नवीन म्हणून दाखवत असतील, तर हा हट्ट नव्हे. डॉक्टरांना दाखवा.

१५. मी लांब आहे, आईबाबा गावात दोघंच. इथून काय करू शकते?

डब्याचं वर सांगितलंच. दुसरं म्हणजे गावचा पोस्टमन. त्याला कोणाच्या घरी काय येतं ते सगळं पाठ असतं. तुमची पत्रं अडवायचा अधिकार त्याला नाही आणि तसं सांगूही नका, पण दिवाळीला भेटून "काकांकडे पैसे मागणारं पार्सल आलं तर जरा मला फोन करायला सांगा" एवढं म्हटलं तर करतो बिचारा. बँकेच्या शाखेत जाऊन तोंडओळख करून ठेवा, आमच्याकडे तर त्या काउंटरवरच्या मुलीनेच वाचवलं. आणि फोनजवळ मोठ्या अक्षरात तुमचा नंबर आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लिहून चिकटवा, मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं घाबरल्यावर सापडत नाही.

१६. आई सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत आलीये, इथे तर मेलबॉक्स रोज भरतो आणि ती सगळं जपून ठेवते.

तिकडे न मागवलेली वस्तू टपालाने आली तर ती कायद्याने भेट समजून ठेवता येते, पैसे देणं लागत नाही, हे आईला सांगा म्हणजे ती घाबरणार नाही. बँकांची 'प्री-अप्रूव्हड' कार्डांची पत्रं ऑप्टआउटप्रीस्क्रीन या वेबसाइटवर तुम्ही स्वतःच्या नावाने बंद करू शकता. बक्षिसांची पाकिटं तिकडेही तशीच येतात, त्याची तक्रार तिथल्या टपाल खात्याच्या तपास शाखेकडे, पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे. आणि रंगीत कूपनं तिला ठेवू द्या, त्याने काही होत नाही.

१७. पैसे गेले. आता?

लगेच १९३० ला फोन, मग बँकेला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. या क्रमानेच, कारण पैसे ठगाच्या खात्यातून पुढे निघायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं, आणि तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. रात्री कळलं तर रात्रीच करा. 'सकाळी मुलगा आल्यावर बघू' यात बऱ्याच जणांचे पैसे गेलेत. पाकीट, कूपन, स्लिपा, फोन नंबर जपून ठेवा आणि घेऊन पोलीस ठाण्यात जा, तक्रारीची प्रत मागून घ्या.

आमचे एकवीस हजार आले नाहीत, आम्हाला कळेपर्यंत तीन आठवडे झाले होते.

आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असा वकिलाचा, सायबर सेलचा फोन किंवा पत्र येईल. तोही त्यांच्यातलाच.

१८. वडील जाऊन वर्ष झालं, तरी त्यांच्या नावाने पार्सलं आणि पत्रं येतात. काय करायचं?

एक घाणेरडा प्रकार आधी सांगते. पेपरातली निधनाची जाहिरात बघून, तेराव्याच्या आसपास, गेलेल्या माणसाच्या नावाने पैसे भरायचं पार्सल पाठवतात. 'साहेबांनीच मागवलं होतं.' घरातल्यांना ती त्यांची शेवटची इच्छा वाटते आणि रडत रडत पैसे देतात. घेऊ नका, प्रश्न ५ सारखंच परत पाठवा. 'साहेबांकडून उधारी येणं आहे' असं पत्र आलं तर कागदोपत्री पुरावा मागा आणि वारसांनी मिळून बघा, एकट्या आईने नाही.

साधी पत्रं पोस्टमनला 'मयत' शेरा मारून परत द्यायला सांगा, पण बँक, विमा, शेअर्स, प्रॉपर्टी टॅक्सची पाकिटं वर्ष-दोन वर्षं तरी फोडून बघा, काय काय कुठे आहे ते त्यातूनच कळतं. आणि लाइट बिल अजून त्यांच्याच नावावर येत असेल तर तेवढं मृत्यू दाखला जोडून बदलून घ्या, आपणच पुढे ढकलत राहतो.